मागच्या अंगणातले पक्षी : कोणत्या महिन्यात काय ठेवायचं, काय काढायचं?

मागचंदार (धागाकर्ता)

पुण्यात बंगल्यामागे साधारण २० बाय ३० फुटांची जागा आहे. एक जुना आंबा, दोन कढीपत्ते, कुंपणालगत जास्वंदीची रांग, कोपऱ्यात शेवगा. बाकी फरशी. पाण्यासाठी स्टीलचं पसरट ताट आणि बाजरी-तांदळासाठी टांगलेली प्लास्टिकची बाटली, एवढीच सोय आहे. अडचणी अशा:

१. दाण्यांवर आता फक्त पारवे. चिमण्या येईनाशा झाल्यात.
२. एप्रिल-मेमध्ये बुलबुल ताटाच्या कडेवर बसतो, आत न उतरताच उडतो.
३. जुलैपासून अंगण सुनं. ऑगस्ट सरला की दयाळाचं गाणंही बंद.
४. प्लायवूडच्या दोन पेट्या लावल्या होत्या, भोक ५० मिमी. एकीत साळुंकी शिरली, दुसरी पावसात फुगून उकलली.
५. दिवाळीनंतर बारीक हिरवट पक्षी दिसतात, ते कोणते?

वर्षभराचं वेळापत्रक कसं बसवावं? सगळी फरशी उखडायची तयारी नाही, पण थोडी काढता येईल.

---

पाणवठा

आधी पाणी, कारण तेच बारा महिने लागतं.

स्टीलच्या ताटात दोन दोष. एक, उन्हात ते तापतं. दोन, बूड गुळगुळीत असल्यामुळे पक्ष्याचा पाय ठरत नाही. बुलबुल कडेवरून परत जातो तो बहुधा याचमुळे. कुंभाराकडून बिनझिलईची मातीची परात आणा, व्यास ३५ ते ४५ सेंमी. कडेला पाण्याची खोली १ ते दीड सेंमी आणि मधोमध जास्तीत जास्त ५ सेंमी. परात जास्त खोल असेल तर एका बाजूला वाळू-खडे टाकून उतार करा आणि मध्ये पाण्यावर डोकं काढणारा एक खडबडीत दगड ठेवा. चिमणी, मुनिया, शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) कडेच्या उथळ पाण्यात येतात. साळुंकी आणि सातभाई मध्ये उतरून मनसोक्त आंघोळ करतात.

जागा: सावलीत, जमिनीपासून मीटरभर उंच, दाट झुडपापासून २ ते ३ मीटर दूर. झुडूप अगदी लगत असेल तर मांजर दबा धरतं. फारच लांब असेल तर ओल्या पंखांनी पक्ष्याला आडोसा गाठता येत नाही. वरून एखादी मोकळी फांदी आलेली असावी, कारण उतरण्याआधी पक्षी तिथे बसून अंदाज घेतो.

मे महिन्यात कोरड्या हवेत ४० सेंमीच्या परातीतून दिवसाला लीटर-सव्वा लीटर पाणी नुसतं उडून जातं, शिवाय आंघोळीत सांडतं ते वेगळं. त्यामुळे सकाळी भरलेली परात दुपारी दोनपर्यंत बरीच खाली जाते, नेमकी गरजेच्या वेळी. उन्हाळ्यात दोनदा भरा: सातच्या आत आणि बाराच्या सुमारास.

पर्णवटवट्ये आणि माशीमारासारखे बारीक किडेखाऊ पक्षी साचलेल्या पाण्यापेक्षा पडत्या थेंबाला लवकर भुलतात. औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी घ्या, ५ लीटरच्या कॅनला जोडून परातीच्या वर फांदीला टांगा आणि नळीवरचं चाक फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवा. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे ताशी १८० मिली. उजेडाच्या १२ तासांना दोन-सव्वादोन लीटर पुरतात. कॅन पारदर्शक असेल तर आत शेवाळ धरून नळी तुंबते. त्यावर काळं फडकं गुंडाळा आणि पाणी गाळून भरा.

आता दाणे. टांगलेली बाटली काढून टाका. तिच्यातून दाणे खाली सांडतात, म्हणजे पारव्यांची पंगतच. पारवा एकदा लागला की हटत नाही. त्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत जो वाद उच्च न्यायालयात गेला, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. माझं मत विचाराल तर दाणे पूर्ण बंद. आंबा, शेवगा आणि पाणी असलेल्या अंगणाला त्यांची गरज नाही.

---

राळेवाला

पाण्याबद्दल सगळं मान्य. दाणे सरसकट बंद मात्र पटत नाही. चिमणी आणि मुनिया दाणे टिपणाऱ्याच आहेत आणि फरशीच्या वस्तीत त्यांना गवताचं बी मिळत नाही. पारव्याला जाळीने अडवता येतं.

दीड इंची (३८ मिमी) चौकोनी वेल्डेड जाळीचा ४५ सेंमीचा पिंजरा करा, वर-खालीही जाळी, आणि मधोमध उथळ थाळी. थाळी जाळीपासून सगळीकडून किमान १५ सेंमी आत हवी, नाहीतर साळुंकी आणि पारवा बाहेरून मान घालून खातात. ३२ मिमीच्या भोकातून सहज जाणारी चिमणी या जाळीतून आरामात जाते, साळुंकी अडते. जाळीची कापलेली टोकं आत वळवायला विसरू नका.

दाणा: राळा २ भाग, बाजरी १ भाग, तांदळाची कणी १ भाग. दिवसाला मूठभर, ४० ते ५० ग्रॅम. तासाभरात संपेल इतकाच. संध्याकाळी थाळी रिकामी दिसली पाहिजे, नाहीतर रात्री उंदीर येतात; मग उंदरांसाठी विष ठेवलं जातं आणि ते खाल्लेला उंदीर पिंगळ्याच्या (छोट्या घुबडाच्या) पोटात जातो. पाव, फरसाण, मिठाचा भात, दूध यातलं काहीच नको.

जूनच्या पहिल्या पावसाला थाळी धुऊन, वाळवून आत ठेवायची ती थेट ऑक्टोबरच्या शेवटी काढायची. ओल्या दाण्यावर दीड-दोन दिवसांत बुरशी धरते आणि ती पक्ष्यांना घातक असते. त्या काळात बाहेर गवताला बी आणि झाडांवर अळ्या मुबलक असतात.

चिमण्यांसाठी आणखी एक: दोन फूट रुंद, तीन-चार इंच खोल, चाळलेल्या कोरड्या मातीचा खळगा, छज्जाखाली. त्या धुळीत लोळतात आणि पिसांतले परजीवी झटकतात. फरशी काढायचीच असेल तर पहिल्या चार फरश्या इथल्या काढा.

---

कढीपत्ता_आणि_कंपनी

तुमच्या तिसऱ्या अडचणीचं उत्तर असं की अंगण सुनं नसतं, पानांआड गेलेलं असतं. शिंपी, राखी वटवट्या, मुनिया, सुगरण या सगळ्यांची वीण पावसाळ्यात रंगते. जुलैत जास्वंदीची किंवा एखाद्या रुंद पानाच्या झाडाची दोन पानं शिवलेली दिसली तर हात न लावता लांबूनच बघा. शिंप्याचं घरटं असेल. सातभाईंचा थवा येत असेल तर पावशा आणि चातक ऐकू येतात का ते पाहा. दोघेही अंडी मुख्यतः सातभाईंच्या घरट्यात घालतात. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात. (आणि ‘कुहू’ करणारा तो नर. कोकिळा ठिपकेदार तपकिरी असते, ती गात नाही. पाठ्यपुस्तकातल्या कवितांनी हा घोळ पिढ्यानपिढ्या जपलाय.)

दयाळ कुठे जात नाही. वीण संपली की गाणं थांबतं. हिवाळ्यात तो खाली पालापाचोळ्यात फिरतो आणि फक्त ‘चर्र’ असा खरखरीत आवाज काढतो. त्याच्यासाठी आंब्याखालचा पाला झाडू नका, दोन-तीन इंचांचा थर राहू द्या. फरशी काढायची तर दुसरी इथली.

झाडांचं म्हणाल तर तुमच्याकडे निम्मं काम झालेलं आहे. कढीपत्त्याची काळी फळं पावसाळ्यात पिकतात, बुलबुल आणि कोकीळ त्यावर तुटून पडतात. फक्त मोहोर आला की पानांसाठी शेंडे खुडणं थांबवा, किंवा एक झाड स्वयंपाकाला आणि एक पक्ष्यांना अशी वाटणी करा. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतातच. जास्वंद एकेरी पाकळ्यांची ठेवा. डबल जास्वंदीत मधापर्यंत पोचणं अवघड जातं.

भर घालायची ती अशी:

धायटी, जानेवारी ते एप्रिल लाल फुलं, शिंजिरासाठी हिच्यासारखं झुडूप नाही. चार-पाच फूट अंतर ठेवून दोन लावा, ऊन हवं.
अडुळसा, हिवाळ्यातल्या फुलांसाठी. छाटणी सोसतो, कुंपणालाही चालतो.
तुती, डिसेंबरात छाटली की नव्या फुटीबरोबर फळ धरते. बुलबुल, तांबट, चष्मेवाला हे पक्षी येतात.
करवंद, काटेरी आडोसा. याच्यात मांजर शिरत नाही, म्हणून घरट्यांसाठी उत्तम.

उंबर लहान अंगणात नको, मुळं घराच्या पायात आणि ड्रेनेजमध्ये घुसतात. घाणेरी फुलते छान, पण ती पसरणारी परदेशी आहे, मुद्दाम लावू नका. आंब्यावर बांडगूळ असेल तर सगळं उतरवण्याआधी थोडा विचार करा: टिकेलचा फुलटोच्या त्याच्या फळांवर जगतो आणि तोच ते पसरवतो. एका फांदीपुरतं ठेवा, बाकी काढा, नाहीतर आंबा खंगतो.

शिंजिरासाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगू नका. आपल्या उन्हात ते पाणी काही तासांत आंबतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

छाटणी ऑक्टोबर ते डिसेंबर. मार्च ते सप्टेंबर कुंपणाला कात्री लावू नका. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर करायची रीत आहे, ती चुकत नाही; पण फांदी कापण्याआधी प्रत्येक दुबेळकं (फांदी दुभंगते ती जागा) खालून नीट न्याहाळा. संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच मोडतं.

---

सुतारकाम

चौथी अडचण. प्लायवूड हा थर चिकटवलेला माल, ओल लागली की थर सुटणारच. पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी वापरा, जाडी १८ ते २० मिमी. पत्र्याची पेटी नको, एप्रिलमध्ये पिल्लं भाजतात. बुटांच्या खोक्यांची घरटी तर फोटोपुरतीच.

चिमणीची पेटी: आतला तळ १३ बाय १३ सेंमी, उंची २२ ते २५ सेंमी, भोक ३२ मिमी, भोकाची खालची कड तळापासून १५ सेंमी वर. भोक याहून मोठं केलंत की मालकी बदलते. तुमच्याकडे तेच झालं, ५० मिमी हे साळुंकीला दिलेलं आमंत्रण आहे. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, चिमणीला तिची गरज नाही. फायदा होतो तो कावळ्याचा.

तळाला चार कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रं, वर छपराखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रं हवेसाठी. छप्पर पुढे ५ सेंमी आलेलं आणि उताराचं. एक बाजू बिजागरीवर, म्हणजे साफसफाई होते. आतून रंग, पॉलिश काही नको. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात पुरे. आतल्या पुढच्या फळीवर करवतीने आडव्या खाचा पाडा, पिल्लांना चढायला पकड मिळते.

उंची अडीच ते तीन मीटर, छज्जाखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही टळले पाहिजेत. झाडाला टांगून झुलती ठेवू नका, भिंतीला पक्की करा. जानेवारीअखेर लागली पाहिजे, कारण चिमण्यांची जागाशोधणी फेब्रुवारीत जोर धरते. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर जागा बदलण्याची घाई करू नका.

दयाळासाठी वेगळी: तळ १५ बाय १५, समोरची फळी फक्त खालून अर्धी, वरचा भाग उघडा. अडचण अशी की अशी पेटी साळुंकीलाही आवडते. ती जास्वंदीच्या आडोशाला, दीड-दोन मीटरवरच लावा. साळुंकी सहसा उंच आणि मोकळी जागा निवडते. खात्री नाही, पण फरक पडतो.

पिल्लं उडाल्यावर जुनं गवत काढून पेटी दोन दिवस उन्हात.

---

मागचंदार

खूपच उपयोगी. दोन शंका. परातीत डास होणार नाहीत का? घरात डेंग्यूची भीती आहे. आणि जास्वंदीवर दरवर्षी पिठ्या ढेकूण येतो, माळी फवारणी करतो, ती चालेल?

---

पाणवठा

डास: अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पाणी रोज बदललं तर अळी टिकतच नाही. पण नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरेसं नाही. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. म्हणून रोज काथ्याने कड घासायची. साबण नको, पिसांवरचं तेल जातं. आठवड्याला एकदा व्हिनेगर १ भाग, पाणी ९ भाग लावून घासा, खळखळून धुवा, उन्हात वाळवा. दोन पराती ठेवल्या की एक वाळत असते. गावाला जाताना पालथी घाला.

फवारणी: माळी नेमकं काय वापरतो ते विचारा. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं आणि फुलातल्या मधातही उतरतं. शिंजीर तोच मध पितो. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ढेकूण पाडा, फार माखलेले शेंडे कापून बंद पिशवीत टाका, उरलेल्यावर कडुनिंबाचं तेल लीटरला ५ मिली, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, संध्याकाळी. मावा दिसला तर चार दिवस थांबा. शिंपी आणि चष्मेवाला टिपतात.

---

थिरथिरा

पाचवा प्रश्न राहिला होता. हिवाळी पाहुणे ओळखताना रंगाच्या मागे लागू नका. पक्षी कुठे बसतो, शेपटीचं काय करतो आणि कसा बोलतो हे आधी टिपा.

आंब्याच्या शेंड्यात सतत हलणारा, हिरवट, पंखावर एक बारीक फिकट रेघ, डोळ्यावर लांब भुवई, ‘चिस्ली, चिस्ली’ असा दोन तुकड्यांचा आवाज: हिरवट पर्णवटवट्या. सप्टेंबरअखेर येतो, एप्रिलपर्यंत असतो. तुमचा ‘बारीक हिरवट’ बहुधा हाच.

जास्वंदीच्या बुडाशी, दिसत नाही पण ‘चक्, चक्’ करत राहतो, अंगाने तपकिरी: ब्लिथचा वेळू-वटवट्या.

खालच्या फांदीवर बसून शेपूट वर झटकणारा, शेपटीच्या बुडाला दोन्हीकडे पांढरा डाग, आवाज लाकडी खुळखुळ्यासारखा: लाल कंठाचा माशीमार. लाल कंठ फक्त मोठ्या नराला, त्यामुळे नावावर जाऊन फसू नका.

कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर, तांबडी शेपूट थरथरवणारा: थिरथिरा. ओल्या फरशीवर शेपूट वर-खाली करत पळणारा, पोटाखाली पिवळा: करडा धोबी.

आणखी एक फसवणूक: पावसाळ्यानंतर दिसणारा, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला पिवळसर शिंजीर ही वेगळी जात नाही. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपल्यावर झगमगता पोशाख उतरवतो, तो हा. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा गडद निळा-जांभळा होतो. त्याच सुमारास काटेसावर, पांगारा, पळस फुलतात आणि मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे (साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांचे) गुलाबी-काळे थवे त्यावर भांडत असतात. एप्रिलमध्ये त्या परततात.

नोंद ठेवा. रोज एकाच वेळी १५ मिनिटं, सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान. एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहा. बुलबुल पाच वेळा आला म्हणून पाच बुलबुल होत नाहीत. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक अंगणपक्षी गणना असते, तिलाही हीच १५ मिनिटांची अट. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पाहुण्यांची पहिली यादी करायला तो आठवडा अगदी बरोबर पडतो. मर्लिन अ‍ॅप आवाज ओळखतं, पण त्याने नाव सुचवलं म्हणजे झालं असं नाही. पक्षी दिसल्याशिवाय यादीत घालू नका.

---

परसू_रत्नागिरी

घाटाखालच्यांसाठी पुरवणी, कारण वरचं वेळापत्रक कोकणात जसंच्या तसं चालत नाही. जून ते सप्टेंबर मातीच्या परातीवर दोन दिवसांत शेवाळ येतं आणि कड निसरडी होते. ती सरळ आत घ्या. परसात पाणी कुठेही असतं तेव्हा. पाइनची पेटीही इथे दोनेक पावसाळेच काढते, त्यापेक्षा भोक पाडलेलं मडकं वळचणीखाली आडवं बांधा, तोंड मातीने लिंपून. झाडांत धायटीच्या जोडीला करवंद, तोरण, जांभूळ ठेवा. मे महिन्यात कुटुर्गा, हळद्या, शिपाई बुलबुल सगळे तिथेच सापडतील. शीळकरी कस्तूर पहाटे शीळ घालायला लागला की पाऊस आला म्हणून समजायचं.

---

राळेवाला

तीन गोष्टी राहिल्या, पटकन.

मार्च ते जूनमध्ये बुलबुल, दयाळ किंवा शिंजीर गाडीच्या आरशावर चोची मारतात. प्रतिबिंबाला ते दुसरा नर समजतात. आरशावर बाहेरून कापडी पिशवी चढवा, दहा-बारा दिवसांत विसरतात. मोठ्या काचेच्या दारावर आपटत असतील तर बाहेरच्या बाजूने दर ५ सेंमीवर ठिपके. ससाण्याचं एकच स्टिकर लावून काही होत नाही.

जमिनीवर सापडलेलं पिल्लू पिसं फुटलेलं असेल तर ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजर-कुत्रं आत घ्या, पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आईबाप येतात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. पक्षी जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवून वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आंब्यावर अडकलेला मांजा काढा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो येतोच. लांब काठीला आकडा बांधून, गुंडाळत गुंडाळत काढायचा. ओढून तोडला तर उरलेला तुकडा पानांत दिसत नाही आणि वर्षभर लटकत राहतो. काढलेला कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा.